कुऱ्हाडबंदीआधी चुलीचा हिशोब

धुळे जिल्ह्यातल्या साक्रीच्या पश्चिम पट्ट्यात किंवा सातपुड्यात एखादा डोंगर गच्च हिरवा दिसला, की बाहेरून आलेला माणूस हमखास म्हणतो, आदिवासी म्हणजे निसर्गपूजकच, जंगल त्यांच्या रक्तात असतं. म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण या वाक्याने त्या गावाची सगळी मेहनत पुसली जाते. जंगल रक्तातच असतं तर शेजारच्या पाड्याचा डोंगर उघडा का? समाज तोच, देव तेच, पाऊसही तेवढाच. फरक आहे तो कारभाराचा. एका गावाने वर्षानुवर्षं बैठका घेतल्या, भांडणं मिटवली, दंड वसूल केला, राखणीच्या पाळ्या लावल्या. दुसऱ्या गावाला ते जमलं नाही, किंवा जमू दिलं गेलं नाही.

खानदेशात या कारभाराचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे साक्री तालुक्यातलं बारीपाडा. कोकणा आदिवासींचं लहानसं गाव. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपासून गावाने भोवतालचं साधारण साडेचारशे हेक्टर जंगल राखायला घेतलं. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी ठरवली, तोडणाऱ्याला दंड लावला, डोंगरउतारावर चर खोदले. 2004 पासून तिथे वनभाज्यांचा महोत्सव भरतो आणि बाया आपापल्या ओळखीच्या रानभाज्या रांधून मांडतात. 2025 मध्ये चैत्राम पवारांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा पेपरांतून ‘एका माणसाने जंगल उभं केलं’ अशा धर्तीवर बरंच लिहून आलं. पुढारी मोठा होता यात शंका नाही. पण त्याचं मोठेपण गावाला स्वतःच्या नियमांची सवय लावण्यात आहे. नियम मोडणारा आपलाच चुलत भाऊ असला तरी बैठकीत उभा करायचा, हे एका माणसाच्या जिवावर तीस वर्षं चालत नाही.

बारीपाड्याचं ऐकून कितीतरी गावांनी कुऱ्हाडबंदीचा ठराव केला आणि दोन वर्षांत तो बारगळला. कारण बहुतेक ठिकाणी एकच: बंदी आधी आली, चुलीचा विचार नंतर. ज्या बाईला संध्याकाळी भाकरी थापायची आहे तिला ठराव दाखवून उपयोग नाही. ती पहाटे अंधारात जाऊन लाकूड आणणारच, आणि अंधारात हाताला लागेल ते तोडणार. म्हणजे बंदीने जंगलाचं जास्तच नुकसान.

म्हणून आधी हिशोब मांडायचा. पाड्यातली आठ-दहा घरं निवडायची: मोठं कुटुंब, लहान कुटुंब, जनावरं असलेलं, नसलेलं. सकाळी घरातलं सरपण काट्यावर मोजून बाजूला रचायचं, दिवसभर त्यातलंच जाळायचं, दुसऱ्या सकाळी उरलेलं मोजायचं. हे हिवाळ्यात एक आठवडा आणि उन्हाळ्यात एक आठवडा, कारण थंडीत पाणी तापवायला आणि शेकोटीला वेगळं लाकूड जातं. समजा सरासरी दिवसाला 6 किलो निघाली. वर्षाचे झाले 2,190 किलो. साठ घरांचा पाडा असेल तर 131 टनांच्या वर. हा आकडा गावासमोर ठेवला की बैठकीचा सूरच बदलतो. ‘तोडू नका’ हे बोलणं मागे पडतं आणि ‘एवढं आणायचं कुठून’ हे बोलणं सुरू होतं.

उत्तरं एकाच जागी मिळत नाहीत. खानदेशात कापूस आहे, म्हणजे पऱ्हाटी, कपाशीची वाळलेली झाडं, आहे, तुरीच्या तुरकाट्या आहेत. फरदड, म्हणजे वेचणी संपल्यावरही पीक पुढे राखणं, न धरता कपाशी वेळेवर उपटली तर बोंडअळीचा मुक्काम मोडतो आणि सरपणही मिळतं. मात्र पऱ्हाटी घराजवळ आणून ठेवायची तर ती आधी चांगली वाळवावी लागते, आणि किडकी बोंडं झोडून वेगळी काढून जाळावी लागतात, नाहीतर अळी दारातच राहते. जंगलातलं पडलेलं, वाळलेलं लाकूड डोक्यावरच्या मोळीने आणायला मुभा ठेवायची आणि बैलगाडीला बंदी घालायची. मोळी वीस-पंचवीस किलोची, ती घरच्या चुलीला पुरते. गाडी भरली की ती बाजाराकडे जाते. हा एवढा फरक नियमात नीट लिहिला तरी अर्धं भांडण मिटतं.

गोबर गॅसचं नाव प्रत्येक योजनेत असतं आणि बंद पडलेल्या टाक्याही प्रत्येक गावात असतात. कारण साधं आहे. 2 घनमीटरच्या संयंत्राला रोज 50 किलो ओलं शेण आणि जवळपास तेवढंच पाणी लागतं. गावठी जनावरं दिवसभर रानात हिंडत असतील तर शेण रानातच पडतं, गोठ्यात फक्त रात्रीचं मिळतं. मग चार-पाच जनावरं असूनही टाकी अर्धपोटी राहते. एप्रिलमध्ये हंडाभर पाण्यासाठी मैलभर चालणारी बाई शेणकाला करायला 50 लिटर ओतणार नाही, आणि तिने ओतूही नये. जिथे बांधून चारा घालण्याची सवय लागली आहे आणि विहिरीला उन्हाळ्यात पाणी टिकतं, तिथेच गोबर गॅस बसवावा. बाकी ठिकाणी धूर बाहेर काढणारी, कमी लाकडाची चूल बरी. तिचीही धुराडी दर महिन्याला साफ करावी लागते, नाहीतर काजळीने चोंदते आणि बाई वैतागून जुनी चूल पेटवते.

सरपणाची सोय लागली की मग कुऱ्हाडबंदीला अर्थ येतो. आणि इथे निसर्ग भरभरून साथ देतो. पावसाळ्यात रोपं लावून फोटो काढण्याचा कार्यक्रम दरवर्षी होतो. त्यातली बहुतेक रोपं पुढचा उन्हाळा बघत नाहीत. पिशवीत मूळ वेटोळं झालेलं, खड्डा उथळ, मुरमात आळं नाही, आणि ऑक्टोबरच्या उन्हाच्या जोडीला शेळी. त्याउलट तोडलेल्या सागाचा खुंट जमिनीत जिवंत असतो. त्याची मुळं खोलवर पसरलेली असतात. नुसतं राखलं तर पहिल्याच पावसात त्याला आठ-दहा फुटवे येतात. दुसऱ्या वर्षी, पावसाळा संपल्यावर, त्यातला एक किंवा फार तर दोन ठेवायचे आणि बाकीचे काढून टाकायचे. ठेवायचा तो जमिनीलगत फुटलेला, सरळ आणि जोमदार. खुंटाच्या वरच्या टोकाला फुटलेला कितीही छान दिसला तरी ठेवू नये, कारण खुंट कुजत गेला की तो वाऱ्यात उन्मळतो. खुंट उंच आणि फाटका राहिला असेल तर हिवाळ्यात जमिनीलगत तिरका, साफ काप घ्यावा, म्हणजे पाणी साचत नाही. काढलेले फुटवे कुंपणाला आणि चुलीला जातात. एकही रोप न आणता पाच वर्षांत डोंगराला सावली येते.

अंजनाच्या झाडाची गोष्ट थोडी निराळी. धुळे-जळगावच्या कोरड्या टेकड्यांवर अंजन हाच आधार आहे. पाला गुरांना, लाकूड अवजारांना. त्याचं बी उन्हाळ्यात गळतं आणि रोप पहिली काही वर्षं वरून वाळत राहतं, पण मूळ खाली उतरत असतं. लोकांना वाटतं रोप मेलं, आणि मग तिथे शेळ्या सोडल्या जातात. अशा पट्ट्यावर चराईबंदी चार-पाच वर्षं तरी नेटाने ठेवावी लागते. मोठ्या झाडाचा पाला ओरबाडताना वरचा एक तृतीयांश झुपका शाबूत ठेवायचा आणि एकाच झाडाला दरवर्षी हात लावायचा नाही, असा नियम केला तर झाड चाराही देतं आणि वाढतंही.

चराईबंदी म्हणजे चारा बंद नव्हे. डोंगराचे तीन भाग करायचे, एक भाग गुरांना खुला, दोन राखीव, आणि राखलेल्या भागातलं गवत बी झडल्यावर कापून न्यायचं. पवना, मारवेल ही चांगली गवतं बी पडायच्या आत कापली तर पुढच्या वर्षी निकस कुसळीच माजते. कापताना चार बोटं खोड सोडायचं. कापायला कोण कधी जाणार हे आधीच ठरलेलं असावं. एकाने लवकर विळा घातला की सगळं गाव धावतं आणि कोवळं गवत वाया जातं. चारोळीचंही हेच होतं. ‘आपण नाही तोडली तर दुसरा तोडेल’ या भीतीने कच्ची चारोळी ओरबाडली जाते, फांद्या मोडतात, दाणा बारीक, भाव पडलेला. ग्रामसभेने तोडणीची तारीख ठरवली आणि शेजारच्या दोन-तीन गावांनी तीच पाळली, तर कोणीही वेगळी मेहनत न करता तोच माल जास्त किमतीला जातो. एका गावाने एकट्याने तारीख पाळून मात्र काही होत नाही.

पाण्याचं काम माथ्यावरून पायथ्याकडे. हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे, तरी नाल्यावरचा सिमेंटचा बांध आधी होतो, कारण तो दिसतो. वरून माती येत राहिली की दोन-तीन पावसाळ्यांत तो गाळाने भरतो. आधी माथ्यावर समतल चर. त्यासाठी लागणारं अवजार गावात तासाभरात होतं. साधारण दोन मीटरच्या दोन सरळ काठ्या वरच्या टोकाला बांधायच्या, खालची टोकं फाकवायची, मध्ये आडवी काठी बांधायची आणि वरच्या गाठीतून दोरीला दगड सोडायचा. ही झाली ए-फ्रेम. दोन खुंट्या ठोकून त्यांवर पाय ठेवायचे, दोरी आडव्या काठीवर जिथे टेकते तिथे खूण. मग पायांची अदलाबदल करून पुन्हा खूण. दोन खुणांचा मध्य म्हणजे समपातळी. मग एक पाय स्थिर ठेवून दुसरा पुढे-मागे सरकवत, दोरी मध्यावर आली की खुंटी, असं उतारावर आडवं चालत जायचं. वारा असेल तर दगड हलतो, त्याऐवजी वाळू भरलेली बाटली टांगावी.

60 सेंटिमीटर रुंद आणि 30 सेंटिमीटर खोल चर 100 मीटर खोदला तर त्यात 18 घनमीटर, म्हणजे 18,000 लिटर पाणी मावतं, आणि ते एका पावसात मुरून पुढच्या पावसाला चर रिकामा होतो. चुका ठरलेल्या असतात. पातळी चुकली की चराचा ओहोळ होतो आणि जिथे तो फुटतो तिथे घळ पडते. म्हणून ठरावीक अंतराने मातीची आडवी भिंत न खोदता सोडायची, एक तुकडा फुटला तरी बाकीचे टिकतात. खोदलेली माती उताराच्या खालच्या बाजूलाच टाकायची आणि चराच्या काठापासून वीतभर-दीड वीत लांब, नाहीतर पहिल्याच सरीत ती परत आत. झाडाचं मूळ आडवं आलं तर चर तिथे थांबवायचा, मूळ तोडायचं नाही. जेसीबीने हे होत नाही. मशीनवाल्याला मीटरमागे पैसे मिळतात, मुळामागे नाही.

पांझरा नदी साक्रीच्याच डोंगरांत उगम पावते आणि खाली तिच्यावर पाणीवाटपाची शेकडो वर्षांची फड पद्धत आहे: बंधारा, पाट, पाटातून निघणाऱ्या चाऱ्या, आणि पाळी सांभाळणारा गावाने नेमलेला माणूस. एका फडात, म्हणजे शेतांच्या एका पट्ट्यात, सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाण्याची पाळी ठरलेली. खालच्या शेतकऱ्याचा फड आणि वरच्या आदिवासीची कुऱ्हाडबंदी या एकाच शहाणपणाच्या दोन बाजू आहेत. खाली बागायत करणाऱ्यांनी वरच्या राखणदारांसाठी काही द्यावं, हा विषय खानदेशात अजून गांभीर्याने निघालेलाच नाही. निघायला हवा.

आता मुख्य प्रश्न: राखायचं, पण कोणाच्या अधिकारात? इंग्रजांच्या 1878 च्या कायद्याने जंगल राखीव झालं आणि तिथे राहणारा माणूस स्वतःच्या डोंगरावर चोर ठरला. 1972 मध्ये शहाद्याला श्रमिक संघटना उभी राहिली, अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारखा भिल्ल समाजातला पुढारी सावकार आणि गुजर जमीनदारांच्या शेतावरच्या जुलमाविरुद्ध लढला, तेव्हा प्रश्न जमिनीचा होता. अक्राणी आणि अक्कलकुव्यातली 33 गावं सरदार सरोवराच्या बुडितात आली तेव्हा प्रश्न नदीचा होता. त्यांतल्या मणिबेलीने सगळ्यात आधी पाणी झेललं. तिथल्या लोकांच्या चिकाटीमुळे जागतिक बँकेला चौकशी समिती नेमावी लागली आणि 1993 मध्ये त्या प्रकल्पातून बँकेचा पैसा थांबला. धरण तरी झालंच. पण ‘विकास कोणासाठी’ हा प्रश्न साऱ्या जगाला विचारणारे लोक नंदुरबार जिल्ह्यातल्या पाड्यांवरचे होते, हे आपल्या शाळांतल्या मुलांना माहीत असायला हवं.

2006 च्या वनहक्क कायद्याने पहिल्यांदा जंगल राखण्याचा, सांभाळण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला. लोकांना वैयक्तिक प्लॉटचा दावा माहीत असतो. ज्या दिवसाआधीपासून जमीन कसत असायला हवी ती 13 डिसेंबर 2005 ची तारीख आणि 4 हेक्टरची मर्यादा तोंडपाठ असते. सामूहिक वनसंसाधनाचा, म्हणजे गावाने परंपरेने राखलेल्या-वापरलेल्या सगळ्या जंगलाचा, दावा मात्र मागे पडतो, आणि खरी ताकद त्यात आहे. त्याच्या अर्जाचा नमुना वेगळा आहे. निस्ताराच्या (सरपण-चाऱ्यासारख्या रोजच्या गरजांच्या), गौण वनोपजाच्या (मोह, तेंदूपान वगैरेंच्या) सामूहिक हक्काचा नमुना भरून दिला तर वापराचा हक्क मिळतो, पण व्यवस्थापनाचा हक्क स्पष्टपणे हाती येत नाही. ही चूक फार महाग पडते.

सुरुवात पाड्याच्या ग्रामसभेने. गट ग्रामपंचायतीची ग्रामसभा नव्हे. चार गावांच्या एका सभेत एका पाड्याचं जंगल हरवून जातं. सभेला किमान निम्मे सदस्य हजर, त्यांत एक तृतीयांश तरी स्त्रिया. तीच सभा 10 ते 15 जणांची वनहक्क समिती निवडते, तिच्यात दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे आणि एक तृतीयांश स्त्रिया. मग सीमा. म्हाताऱ्या माणसांना घेऊन शिवार चालायचं: कुठला नाला, कुठला दगड, वाघदेवाचं ठाणं, मसणवटा, गुरांची पाणवठ्याची वाट. नजरी नकाशा आधी जमिनीवर काडीने काढायचा, मग कागदावर, मग जीपीएसने बिंदू. शेजारच्या गावाची समिती त्याच दिवशी सीमेवर बोलवायची आणि दोघांच्या सह्या तिथल्या तिथे घ्यायच्या. हे टाळलं की दोन गावांचे दावे एकमेकांवर चढतात आणि फाईल वर्षानुवर्षं हलत नाही.

पुरावे एकाहून जास्त प्रकारचे हवेत: ज्येष्ठांचे लेखी जबाब, जुने निस्तार अभिलेख, वनविभागाचा कार्य आयोजना आराखडा, देवस्थानं, जुन्या विहिरी. पडताळणीची लेखी सूचना वन आणि महसूल खात्याला द्यायची आणि पोच घ्यायची. हजर राहणं हे त्यांचं कर्तव्य आहे. पोच नसेल तर सूचना दिलीच नाही असं होतं. दावा उपविभागस्तरीय समितीकडे, तिथून जिल्हास्तरीय समितीकडे. फेटाळला तर कारण लेखी मागायचं, अपिलाला 60 दिवस असतात. हक्कपत्र हातात आलं की ते घाईने फ्रेमला लावू नये. क्षेत्र दाव्याएवढंच आहे का, वनखात्याचे जंगलाच्या तुकड्यांचे कंपार्टमेंट नंबर बरोबर आहेत का, ग्रामसभेऐवजी दुसऱ्याच समितीचं नाव तर नाही ना, कायद्यात नसलेल्या अटी तर घातल्या नाहीत ना, हे वाचायचं आणि चूक असेल तर त्याच महिन्यात लेखी हरकत द्यायची.

हक्क मिळाला म्हणजे जंगल आपोआप वाचलं असंही समजू नये. काही ठिकाणी नव्या अतिक्रमणासाठी झाडं कापली गेली, 2005 ची तारीख केव्हाच उलटून गेली असताना. अशा वेळी ग्रामसभेने गप्प बसणं म्हणजे स्वतःचाच हक्क सोडणं. कायद्याने तिला संरक्षणाचा अधिकार दिला आहे, तो आपल्याच माणसाविरुद्ध वापरायची हिंमत तिने दाखवायला हवी.

आणि इथे खानदेशच्या आदिवासी गावांची सगळ्यात मोठी अडचण येते: स्थलांतर. दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात जातात. परततात होळीच्या सुमाराला, काही त्याहून उशिरा. जंगलाला आग लागते नेमकी फेब्रुवारीपासून. मोहाची फुलं वेचायला सोपं पडावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो आणि दुपारच्या वाऱ्यात तो डोंगर चढतो. राखणीच्या पाळीत ज्यांचं नाव, ते उसाच्या फडावर. म्हणून जाळरेषा, म्हणजे आग पुढे जाऊ नये म्हणून मोकळा केलेला पट्टा, फेब्रुवारीच्या मध्याआधी साफ व्हायला हवी, निदान तीन मीटर रुंद, खालचा पाला पूर्ण ओढून. मोहाखाली पेटवण्याऐवजी खराट्याने झाडायचं किंवा जुन्या साड्या शिवून अंथरायच्या. त्याने फूल स्वच्छ राहतं आणि भावही बरा मिळतो. आग लागलीच तर समोरून भिडू नये. बाजूने, ओल्या फांद्यांनी, जळत्या कडेवर मारत पुढच्या टोकाकडे सरकायचं आणि वणवा विझल्यावर जळके ओंडके रात्रभर सांभाळायचे. सकाळी पुन्हा पेटतात ते तेच.

ज्या ग्रामसभांनी पाळीचं वेळापत्रक स्थलांतर धरून आखलं त्यांचं टिकलं. घरी राहिलेल्या म्हाताऱ्यांना आणि बायांना राखणीचा रोज ग्रामसभेच्या निधीतून, निधी तेंदूपान, मोह आणि दंडातून, प्रत्येक खर्च बैठकीत मोठ्याने वाचून. चर, जाळरेषा आणि फुटव्यांची निगा ही कामं रोजगार हमीत धरून नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच सुरू झाली, आणि मजुरी पंधरा दिवसांत हातात पडली, तर काही कुटुंबं जातच नाहीत. मजुरी तीन महिने अडकली तर पुढच्या वर्षी तो माणूस मुकादमाचीच उचल घेतो. आराखड्याची सभा म्हणूनच दिवाळीआधी व्हायला हवी: सगळं गाव घरी असताना, कामांची मागणी त्याच सभेत लिहून, पोच घेऊन.